आधी कंडेन्सर, मग बटण

मुंबईतल्या संगणकांचा मागोवा घ्यायला बसलं की गाडी पहिल्यांदा कुलाब्याला थांबते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली ‘टिफ्रॅक’ चालू झाला. सुमारे 2,700 व्हॅक्यूम ट्यूबांचं ते धूड पाचेक वर्षं राबलं आणि निवृत्त झालं. ती शास्त्रज्ञांची दुनिया. शाळेतल्या, दुकानातल्या, घरातल्या संगणकाची गोष्ट घडली ती ग्रँट रोड स्टेशनाजवळ, लॅमिंग्टन रोडवर. ती प्रोसेसरच्या नव्हे, तर कंडेन्सरच्या, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या भागाच्या, बाजूनं पाहिली पाहिजे. चिप क्वचित मरते, कंडेन्सर मात्र आज ना उद्या जातोच.

पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं असलं तरी सुटे भाग आणायला निघालेला माणूस अजून लॅमिंग्टन रोडलाच जातो. संगणक येण्याआधी इथं गिऱ्हाईक होतं ते रेडिओवाल्यांचं आणि 1972 मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर टीव्हीवाल्यांचं. गिरगावात, परळला, दादरला गल्लोगल्ली दुरुस्तीची दुकानं होती. संच ‘घूंऽऽ’ करायला लागला की कारागीर न उघडताच सांगायचा, ‘फिल्टर कंडेन्सर गेलाय.’ गणपती जवळ आले की लालबागच्या मंडळांचे माळ्यावरचे अ‍ॅम्प्लिफायर खाली यायचे आणि त्यांचंही दुखणं बहुधा तेच निघायचं. दोन टाके सोडवायचे, नवा बसवायचा, दोन टाके मारायचे. या कामाचं कुणाला अप्रूप नव्हतं.

संगणक शाळेत आला तो 1984-85 मध्ये. ‘क्लास’ या सरकारी योजनेत देशभरातल्या 250 शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. 32 केबी मेमरी, की-बोर्डाच्याच पेटीत सगळं यंत्र, पडद्याच्या जागी टीव्ही किंवा मॉनिटर. 1984 च्या नोव्हेंबरात केंद्राचं नवं संगणक धोरण आलं, आयातीची गाठ सैल झाली आणि पुढच्या दहाएक वर्षांत लॅमिंग्टन रोड ‘असेंबल्ड पीसी’चा बाजार झाला. इथंच कारागिराचं काम बदललं. कार्ड बिघडलं की कार्ड काढा, दुसरं लावा. पॉवर सप्लाय गेला की अख्खा डबाच बदला. सोल्डरिंग आयर्न मागे सरलं, स्क्रूड्रायव्हर पुढे आला. दोन रुपयांच्या भागासाठी तासभर बसणं परवडेनासं झालं.

पण कंडेन्सर आपल्या गतीनं म्हातारा होतच होता. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या, मध्ये रसायनात भिजवलेला कागद, सगळं गुंडाळून डबीत बंद. रसायन वाळतं, नाहीतर बुडातून पाझरतं. तापमान 10 अंशांनी चढलं की आयुष्य निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. डबीवर ‘85 अंश’ छापलेलं असेल, तर साध्या मालाची हमी त्या तापमानाला 2,000 तासांची. पंखा अडलेल्या पेटीत 55 अंश धरले तरी हिशेब 16,000 तासांवर येतो. रोज आठ तास यंत्र चालू ठेवणाऱ्या कचेरीत ती साडेपाच वर्षं झाली.

2000 नंतर हे दुखणं सगळ्यांना दिसलं. त्या काळातल्या बऱ्याच मदरबोर्डांवर सदोष रसायनाचे कंडेन्सर बसले होते. वर्ष-दोन वर्षांत त्यांची डोकी फुगायची, तपकिरी चिकटा बाहेर यायचा आणि यंत्र अधूनमधून आपोआप बंद पडायचं. डेलसारख्या कंपनीलाही 2005 मध्ये याची किंमत कोट्यवधी डॉलरांत मोजावी लागली. आपल्याकडे त्यामुळे जुन्या रेडिओवाल्या हातांना पुन्हा काम मिळालं. बोर्ड फेकायच्या आधी ‘कंडेन्सर बदलून बघू’ हे वाक्य काउंटरवर परत ऐकू यायला लागलं.

आता उरलेत ते हौशी. चोरबाजारातून किंवा शाळेच्या अडगळीतून बीबीसी मायक्रो हाती लागला, तर जाणता माणूस तो आधी उघडतो. पॉवर सप्लायच्या तोंडाशी, मेन्सच्या दोन तारांमध्ये, पिवळसर पारदर्शक वेष्टणाचा 0.1 मायक्रोफॅरडचा कागदी कंडेन्सर असतो. त्या वेष्टणाला केसासारख्या चिरा पडतात आणि त्यांतून दमट हवा कागदात शिरते. चार महिन्यांचा पाऊस नि बारा महिन्यांची खाडी-समुद्राची हवा सोसलेल्या मुंबईच्या यंत्रात त्या नसल्या तरच नवल. बटण दाबल्यावर काही मिनिटं सगळं ठीक चालतं, मग फट्‌कन आवाज होतो आणि खोलीभर उग्र धूर. यंत्र बहुतेक वेळा वाचतं, पण बघणारा घाबरून ते कायमचं बंद करतो आणि ते भंगारात जातं.

उपाय जुनाच आहे. प्लग काढायचा. मोठ्या फिल्टर कंडेन्सरवर सव्वातीनशे व्होल्ट साठलेले असू शकतात. ते रेझिस्टरमधून उतरवायचे आणि मीटर लावून खात्री करायची. कागदी कंडेन्सरच्या जागी ‘एक्स-2’ दर्जाचा प्लास्टिक फिल्मचा बसवायचा. इलेक्ट्रोलिटिक बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त, तापमान 105 अंशांचं. पट्टा असलेली बाजू ऋण. ती उलटी लागली तर नवा कंडेन्सरही फुटतो. काढण्याआधी फोटो काढून ठेवावा, कारण बोर्डावरची खूण कधीकधी पुसट असते. सगळे सुटे भाग आजही लॅमिंग्टन रोडवर मिळतात. नग मोजून मागितले की दुकानदार दोन जास्त घ्यायला सांगतो, ते घ्यावेत.

या चाळीस वर्षांत आपण यंत्रं ‘जुनी झाली’ म्हणून टाकली. त्यातली पुष्कळशी जुनी नव्हती, नुसती वाळली होती. शाळेच्या कपाटात अजून एखादा बीबीसी मायक्रो पडून असेल, तर शिपायाला तो पुसायला जरूर सांगा. चालतो का, हे पाहायला प्लग मात्र लावू नका.