खाट एक, रोगी दोन

खाट एक आणि रोगी दोन असले, तर ती कोणाला द्यावी? २०२१ च्या एप्रिलात हा प्रश्न पिंपरी-चिंचवडच्या रुग्णालयांच्या दारात उभा होता. महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि नेहरूनगरच्या मगर स्टेडियमवरील जंबो रुग्णालय असूनही खाटा पुरेनात.

उत्तरे तीन संभवतात. पहिले, आधी येईल त्याला. गेटवर ही रांग आम्हास न्याय्य वाटते. परंतु येथे मोटारवाला आधी पोहोचतो, आणि चाकणचा कंत्राटी कामगार खाडा पडेल या धास्तीने दुखणे अंगावर काढून शेवटी येतो. दुसरे, ज्याचे आयुष्य अधिक उरले आहे त्याला. मार्च २०२० मध्ये इटलीतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने, प्रसंगी वयाची मर्यादा घालावी लागेल, असे म्हटले होते. पण ज्याने तीस वर्षे भट्टीपुढे काढली, त्या म्हाताऱ्याला हा हिशेब ऐकवायचा कोणी? तिसरे, ज्याची अवस्था कठीण आहे आणि जो उपचाराने वाचण्याचा संभव आहे, त्याला. नेपोलियनचा शल्यवैद्य लारे याने रणांगणावर जखमींचा क्रम हुद्द्यावरून न लावता जखमेवरून लावला.

आम्हास हे तिसरे उत्तर त्यातल्या त्यात बरे वाटते. मात्र नियम आधी ठरलेला व उघड असावा, आणि निवाड्याचा भार उपचार करणाऱ्या एकट्या डॉक्टरवर पडू नये. नियम उघड नसला की वशिला चालतो. त्या दिवसांत आम्हीही एका सभासदासाठी फोन करून खाट मिळविली. ती कोणाची हुकली, हे आम्ही विचारले नाही. तो सभासद वाचला. आमचे मन मात्र अजून निवांत नाही.

प्राणवायूचे उदाहरण निराळे आहे. पोलाद कापणारा वायू आणि रोग्याला जगविणारा वायू एकच. मार्च २०२१ च्या अखेरीस राज्य सरकारने उत्पादनाचा ८० टक्के प्राणवायू रुग्णालयांसाठी राखला. २२ एप्रिलपासून केंद्राने काही उद्योग वगळून बाकीच्यांचा पुरवठा थांबविला. कारखान्यांतील कामे अडली, तरी तो निर्णय योग्यच होता. कारण डॉक्टरवरील ओझ्याचा काही भाग त्याने समाजाच्या खांद्यावर घेतला.

म्हणून, खाट कोणाला, याच्याआधी खाट एकच का, हे विचारले पाहिजे. आणि ते साथ नसतानाच विचारले पाहिजे.