उद्या किती दिवे लागतील?



गणपती महिन्यावर आले की आपल्या जिल्ह्यातल्या घराघरांत एक हिशेब सुरू होतो. मुंबईहून यंदा माणसं किती येणार? थोरला येणार हे नक्की. धाकट्याला रजा मिळाली तर तो येईल. नातवाची परीक्षा आड आली तर सूनबाई मागे राहतील. घरची बाई काही ‘दर वर्षी दोन माणसं वाढतात, म्हणून यंदा चौदा’ असं म्हणून मोकळी होत नाही. ती मनातल्या मनात दोन-तीन चित्रं उभी करते. तांदूळ आणि नारळ कुठल्याही चित्रात लागणारच, ते ती आधी भरून ठेवते. दूध मात्र किती घ्यायचं ते गाडी सुटल्याचा निरोप आल्यावर ठरवते.

विजेच्या बाबतीत उद्याचा अंदाज कसा बांधावा, हा आजचा माझा विषय आहे. आणि खरं सांगायचं तर त्यातलं मुख्य तत्त्व या बाईला ठाऊक आहे. मोठमोठ्या कचेऱ्यांना मात्र ते पुष्कळ पैसे मोजून शिकावं लागलं. त्यातला एक धडा तर आपल्याच जिल्ह्यात गिरवला गेला.

वीज हा माल मोठा विचित्र. भात कणगीत राहतं, मासळी बर्फात राहते. वीज ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी खर्च व्हावी लागते. ती साठवण्याच्या युक्त्या आता निघाल्या आहेत, पण मोठ्या प्रमाणावर साठवणं अजून खर्चाचं आहे. उलट, वीज केंद्र उभारायला पाच-सात, कधी दहा वर्षं लागतात, आणि ते पुढे तीस-चाळीस वर्षं चालवायचं असतं. म्हणून वीस वर्षांनी लोक किती वीज वापरतील याचा आडाखा आजच बांधणं भाग पडतं.

सोपी रीत अशी, की गेली दहा वर्षं मागणी किती टक्क्यांनी वाढली ते पाहायचं आणि तीच रेघ पुढे ओढायची. सावकाराचं व्याज ज्यांनी भरलं आहे त्यांना यातली मेख लगेच कळेल. आज १०० युनिटं लागतात असं धरा. वाढ दर साल २ टक्के असेल तर वीस वर्षांनी सुमारे १४९ युनिटं लागतील. ४ टक्के असेल तर २१९. आणि ६ टक्के असेल तर ३२१. दोन आणि सहा यांत कागदावर चारच टक्क्यांचं अंतर; पण वीस वर्षांनी एका बाजूला दीडपट वीज लागते, दुसऱ्या बाजूला तिप्पट. म्हणजे आकडेमोड अगदी बिनचूक करूनही माणूस साफ चुकू शकतो. कारण चूक गुणाकारात नसते; लोक कसे राहतील, काय धंदा करतील याबद्दल जे गृहीत धरलेलं असतं, त्यात ती असते.

आता दाभोळची हकीगत पाहू. नाव दाभोळचं असलं तरी हा प्रकल्प खाडीच्या दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यात अंजनवेलजवळ उभा आहे. १९९२ साली अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीशी बोलणी झाली आणि डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाशी वीजखरेदीचा करार झाला. त्याच १९९३ साली जागतिक बँकेने, एवढी महाग आणि अष्टौप्रहर घ्यावी लागणारी वीज परवडणार नाही, तिच्यापायी कोळशाची स्वस्त वीज बाजूला ठेवावी लागेल, असं सांगून या कामाला पैसा द्यायचं नाकारलं होतं. १९९५ साली नव्या राज्य सरकारने करार रद्द केला; १९९६ साली तो सुधारून पुन्हा करण्यात आला. दोन टप्पे मिळून २१८४ मेगावॉट, एवढं त्याचं आकारमान ठरलं. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला आणि दोनच वर्षांत, मे २००१ मध्ये, बंद पडला.

असं का झालं? कराराची रचना महिन्याच्या खानावळीसारखी होती. जेवा किंवा उपाशी राहा, ताटाचे पैसे द्यायचेच. वीज उचलली नाही तरी स्थिर आकार चुकत नव्हता; शिवाय दराचा पुष्कळसा भाग डॉलरशी आणि इंधनाच्या भावाशी बांधलेला. भरपूर वीज खपेल, हे एकच चित्र खरं ठरलं तर हा व्यवहार निभावणार होता. प्रत्यक्षात रुपया घसरला, इंधन महागलं, आणि त्या भावाने वीज घेणारी गिऱ्हाइकं हवी तेवढी निघाली नाहीत. वीज कमी उचलली, तसा एकेका युनिटावर पडणारा स्थिर आकार वाढत गेला. आणि तो वाढला म्हणून वीज आणखी कमी उचलली गेली.

दुसरीही एक गोष्ट त्याच सुमारास उजेडात आली. शेतीच्या पंपांना मीटर नव्हते, म्हणून त्यांचा वापर अंदाजाने मांडला जात असे. आणि तारांतली गळती व चोरी मिळून पंधरा-अठरा टक्के असल्याचं सांगितलं जात असे. २००० सालच्या सुमारास वीज नियामक आयोगापुढे हिशेब निघाला तेव्हा ती तीस टक्क्यांच्या घरात असल्याचं दिसलं. म्हणजे उद्याचं तर सोडाच, आज वीज कोण वापरतो हेच नीट ठाऊक नव्हतं.

यावरून ‘वीज केंद्रं बांधूच नयेत’ असा निष्कर्ष कोणी काढील, तर तोही फसेल. २००१ साली ज्या राज्याला वीज नकोशी झाली, त्याच राज्यात २००५ नंतर खेड्यापाड्यांतून दहा-दहा, बारा-बारा तास भारनियमन चाललं होतं. अंजनवेलचं केंद्र २००५ साली रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे गेलं, पुन्हा सुरू झालं. पण पुढे देशातला गॅस आटला तसं तेही मंदावलं. आणि हे केवळ महाराष्ट्राचं नाही. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या अठराव्या पाहणीने २०१६-१७ सालासाठी देशाची कमाल मागणी सुमारे २ लाख मेगावॉट धरली होती. प्रत्यक्षात ती सुमारे १ लाख ६० हजारांपर्यंतच गेली.

मग करायचं काय? एकच आकडा सांगायचं सोडून द्यायचं, आणि भविष्याची चार-पाच निरनिराळी चित्रं रंगवायची. इंग्रजीत याला ‘सिनारिओ’ म्हणतात. शब्द मूळचा नाटक-सिनेमाच्या संहितेचा. तो दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या युद्धशास्त्राच्या अभ्यासकांनी उचलला. पुढे शेल या तेल कंपनीत पिएर वॅक या फ्रेंच गृहस्थाने ही रीत धंद्यात आणली. तेल स्वस्तच राहणार असं जो तो धरून चालला असताना, ते एकाएकी महागलं तर काय, याचंही चित्र त्यांनी तयार ठेवलं होतं. आणि १९७३ साली तेलाचा भडका उडाला तेव्हा ती कंपनी इतरांइतकी गांगरली नाही.

चित्र आणि भाकीत यांत फरक आहे. भाकीत सांगतं, ‘असं होईल’. चित्र सांगतं, ‘असं झालं, तर त्याच्या मागोमाग काय काय येईल’. आपल्या जिल्ह्याचीच चित्रं काढून पाहू, म्हणजे हा फरक नीट ध्यानात येईल.

पहिली पायरी म्हणजे आजची खरी स्थिती. २००१ च्या शिरगणतीत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांच्या वर होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. साऱ्या देशात माणसं वाढत असताना इथे ती घटली. हजार पुरुषांमागे ११२२ बायका, हाही आकडा त्याच शिरगणतीतला. तरुण पुरुष मुंबई-पुण्याला, घरी बायका आणि म्हातारी माणसं, हे ज्याला ठाऊक नाही त्याने कितीही मोठं गणितयंत्र लावलं तरी रेघ चुकीच्या दिशेने जाईल. दुसरीकडे पाहावं तर पोफळीला कोयनेचं भूमिगत वीजगृह, जयगडला कोळशाचं १२०० मेगावॉटचं केंद्र आणि अंजनवेलचं गॅसचं, अशी वीज करणारी केंद्रं याच जिल्ह्यात. म्हणजे वीज इथे होते, वापरणारा माणूस मात्र बाहेर जातो.

दुसरी पायरी म्हणजे, ज्यांची उत्तरं आज कोणीच छातीठोकपणे देऊ शकत नाही पण ज्यांवर सारं अवलंबून आहे, असे दोन प्रश्न निवडायचे. मी हे निवडतो. बाहेर गेलेली माणसं परततील का? आणि मोठा कारखाना येईल का? जैतापूरच्या ९९०० मेगावॉटच्या अणुवीज प्रकल्पाची किंवा नाणारच्या, मागाहून बारसूच्या, तेलशुद्धीकरण कारखान्याची हकीगत आठवा. कागदावरचा कारखाना आणि जमिनीवरचा कारखाना यांत किती अंतर पडतं ते ध्यानात येईल. दोन प्रश्न, प्रत्येकाची दोन उत्तरं; म्हणजे चार चित्रं झाली.

पहिलं चित्र कुलूपबंद घराचं; माणसंही नाहीत, कारखानाही नाही. दुसरं भोंग्याचं, कारखाना आला, पण कामगार बहुतेक बाहेरचे आणि गावं तशीच ओस. तिसरं परतीच्या वाटेचं. कारखाना नाही, पण बागायत, मासळी, पाहुण्यांची निवास-न्याहारी, नाहीतर घरबसल्या करायची नोकरी, यांवर माणसं गावात राहू लागली. २०२० च्या टाळेबंदीत चाकरमानी घरी परतले तेव्हा या चित्राची एक झलक दिसली होती. चौथं चित्र माणसं आणि कारखाना, दोन्हींच्या भरभराटीचं.

तिसरी पायरी म्हणजे या गोष्टींतून युनिटं काढणं. समजुतीसाठी शंभर घरांची एक वाडी घ्या. साठ घरांना कुलूप, चाळीस उघडी; उघड्या घरात दिवसाला ३ युनिटं. वाडीची गरज १२० युनिटं. गणपतीत शंभरही घरं उघडतात आणि आरास-पाहुण्यांमुळे दर घरी ५ युनिटं लागतात. गरज झाली ५०० युनिटं. रोहित्र आणि तारा या पाचशेच्या मापाने ठेवाव्या लागतात; पण वर्षभर बिल येतं ते एकशेवीसचं. मग त्या तारा, ते खांब नीट राखायला पैसा कुठून यायचा? २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडचे खांब आडवे झाले, तेव्हा हा प्रश्न किती खरा आहे ते लोकांनी अंधारात बसून अनुभवलं. परतीच्या चित्रात याच वाडीचं बिल वाढतं, पण सगळी वीज संध्याकाळच्या तीन-चार तासांत मागितली जाते. भोंग्याच्या चित्रात मागणी रात्रंदिवस सपाट असते, पण ती एकाच गिऱ्हाइकावर टेकलेली. ते गेलं की सारा डोलारा खाली.

ही वेळेची गोष्ट महत्त्वाची अशासाठी, की विजेचा आता बाजार भरतो. २००८ पासून देशात विजेची लिलावपेठ आहे. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याचा भाव निराळा निघतो. स्वस्त वीज आधी घ्यायची, मग तिच्याहून महाग, असं करत शेवटचं जे युनिट घ्यावं लागतं त्याच्यावर भाव ठरतो. दुपारी सूर्याची वीज मुबलक, तेव्हा भाव उतरतो. दिवेलागणीला तोच वर चढतो. कोयनेचं पाणी म्हणूनच मोलाचं. वीज करण्यासाठी पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी एवढीच लवादाची परवानगी. ते दुपारी सोडलं काय आणि संध्याकाळी सोडलं काय, युनिटं तेवढीच, पण किंमत वेगळी. म्हणून ‘वर्षाला किती युनिटं’ एवढं विचारून भागत नाही. ‘कोणत्या घटकेला’ हेही विचारावं लागतं. आणि त्याचं उत्तर माणसं कधी उठतात, कुठे काम करतात, घरी कधी परततात, यांत आहे.

चित्र काढताना एक पथ्य मात्र पाळायचं. त्यातल्या गोष्टी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. दर वाढले तर कारखानदार स्वतःची वीज करील किंवा दुसऱ्या राज्यात जाईल, सधन माणूस छपरावर सौर तावदानं बसवील. मग मंडळीत उरलेल्या गरीब गिऱ्हाइकावर बोजा आणखी वाढेल. दरही वाढले आणि मागणीही तशीच वाढत राहिली, असं सोयीचं चित्र काढणाऱ्याला तिथेच थांबवलं पाहिजे.

चारही चित्रं समोर मांडली की निर्णय दोन राशींत पडतात. काही गोष्टी सगळ्या चित्रांत उपयोगी पडतात. मीटर नीट बसवणं, गळती कमी करणं, वादळात टिकतील असे खांब आणि तारा, हे आपले तांदूळ-नारळ. ते आधी भरावेत. काही गोष्टी एकाच चित्रात लाभाच्या आणि बाकीच्यांत बुडवणाऱ्या असतात. त्या टप्प्याटप्प्याने, मागे फिरायची वाट ठेवून कराव्या. वीस वर्षं बांधून घेणारा करार या दुसऱ्या राशीतला. आणि अंजनवेलला तो तांदूळ-नारळ समजून आधीच भरला गेला.

राहता राहिला प्रश्न, ही चित्रं काढायची कोणी? नुसत्या इंजिनियरांनी किंवा अर्थशास्त्र्यांनी नव्हे. वाडीतली किती घरं उघडी आहेत हे ग्रामसेवकाला माहीत असतं. बर्फाचा कारखाना कोणत्या महिन्यात थंडावतो हे मिरकरवाड्याच्या खलाशाला माहीत असतं. मुलगा परत येणार की नाही, याचा खरा अंदाज त्याच्या आईला असतो. दरवाढीचा प्रस्ताव आला की वीज नियामक आयोग लोकांच्या हरकती मागवतो. तेव्हा ‘दर वाढवू नका’ एवढंच म्हणून थांबू नये. ‘तुम्ही उद्याची मागणी काय धरली, आणि आमच्या गावात माणसं किती राहतील असं धरून ती काढली?’ हे अवश्य विचारावं. अंदाज चुकला तर त्याचं बिल शेवटी आपल्याच पडवीतल्या मीटरवर येतं. तेव्हा तो बांधला जात असताना दोन शब्द बोलण्याचा अधिकारही आपलाच आहे.