माळढोक गेला, वाघ आला

ग्वाल्हेरच्या लष्करमधल्या मराठी घरांना शिवपुरी परकी नाही. बाड्यावरून निघून आग्रा-मुंबई रस्त्याला लागलं की दोन-अडीच तासांत तिथे पोचता येतं. शिंदे सरकारची ती उन्हाळी राजधानी. तात्या टोपे यांना १८ एप्रिल १८५९ रोजी फाशी दिलं ते तिथेच, आणि माधवराव महाराज व त्यांच्या मातोश्री सख्याराजे यांच्या छत्र्याही तिथेच. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की किल्ला आणि जयविलास दाखवून झाल्यावर आपण त्यांना छत्र्यांपर्यंत नेतो. छत्र्यांच्या पलीकडचं जंगल मात्र बहुतेकांचं राहून जातं.

त्या जंगलाबद्दल लिहायचं आहे, आणि त्याच जिल्ह्यातल्या करेऱ्याच्या माळरानाबद्दलही. दोन्ही जागा सरकारने वन्यजीवांसाठी राखल्या. एकीत वाघ परत आला. दुसरीतून माळढोक गेला, तो गेलाच.

माधव राष्ट्रीय उद्यान हे मूळचं शिंद्यांचं शिकारीचं रान. धावडा, खैर, सालई अशी कोरड्या मुलखातली झाडं, दगडाळ टेकड्या आणि अधूनमधून गवताळ पट्टे. इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज १९११ साली हिंदुस्थानात आले तेव्हा त्यांच्या एका मुक्कामासाठी रानातल्या सर्वांत उंच जागी जॉर्ज कॅसल बांधलं गेलं. वाटेतच वाघ मिळाल्याने राजेसाहेब तिथे राहिलेच नाहीत, असं सांगतात. १९१८ मध्ये मनियर नदीचं पाणी अडवून सख्यासागर तयार झाला. हे रान टिकलं ते एका घराण्याने स्वतःसाठी बंद ठेवलं म्हणून, ही गोष्ट मान्य करायला हवी. १९५८ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि तिकीट काढणाऱ्या कुणालाही आत जाता येऊ लागलं. पण काठावरच्या गुराख्यासाठी ते बंदच राहिलं, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला मनाई आहे. जंगल ‘सर्वांसाठी खुलं’ आहे असं आपण म्हणतो तेव्हा त्या सर्वांत हा गुराखी नसतो.

पर्यटकांमुळे जंगल बिघडतं, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. तिला आधार नाही असं नाही. पण पर्यटकाला आवर घालण्याचे नियम आहेत आणि ते बऱ्यापैकी चालतात. पावसाळ्याचे तीन महिने, जुलै ते सप्टेंबर, मध्य प्रदेशातल्या व्याघ्र प्रकल्पांचा गाभा बंद असतो. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गाभ्याच्या फार तर २० टक्के भागात पर्यटन चालतं. गाड्यांची संख्या ठरलेली, वाटा ठरलेल्या, सोबत वाटाड्या.

खरा धोका फाटकातून येतच नाही. सख्यासागर बघा. मगरींचं हे तळं, हिवाळ्यात परदेशी बदकांचा मुक्काम, आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेलेली पाणथळ जागा. या पाण्यावर शिवपुरी शहराचीही तहान भागते. त्याच शहराचं सांडपाणी नाल्यांवाटे तळ्याकडे येतं, त्यावर जलकुंभी माजते आणि पाण्याचा श्वास कोंडतो. तिकीट काढून आलेल्या माणसाने टाकलेली बाटली उचलता येते. नाल्याचं काय करणार? दुसरा धोका दगडाचा. शिवपुरीची फरशी प्रसिद्ध आहे आणि तिच्या खाणींनी या जंगलाच्या कडा वर्षानुवर्षं कुरतडल्या. म्हणून राखीव जमिनीचा खर्च करताना पहिला पैसा शहराच्या गटारांवर जायला हवा, नवं प्रवेशद्वार नंतर, असं मला मनापासून वाटतं.

आता करेरा. तिथे जंगल नाही. शेतं, पडीक माळ आणि दिहायला तळं. आपण ज्याला माळढोक म्हणतो त्या पक्ष्याला इकडे सोन चिरैया म्हणतात. मीटरभर उंचीचा, अंडं जमिनीवर घालतो आणि तेही बहुधा एकच. माणसाच्या सहनशीलतेवर त्याचं जगणं अवलंबून. १९८१ साली सुमारे २०२ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी यांनी ऐंशीच्या दशकात इथे मुक्काम ठोकून माळढोकांचा अभ्यास केला. सुरुवातीला संरक्षणाचा उपयोग होताना दिसला. पण त्याच संरक्षणाने काळवीट वाढले आणि ते उभ्या पिकांत शिरू लागले. शेत स्वतःचं, पण अभयारण्यात गेल्याने ते विकताना अडचण. पीक काळविटाने खाल्लं तर दाद कुठे मागायची, हे कळेना. लोकांचा राग काळविटावर होता, सरकारवर होता, भोगलं माळढोकाने. नव्वदच्या दशकात तो दिसेनासा झाला आणि पुढे ते अभयारण्यच रद्द करण्याची वेळ आली.

महाराष्ट्राने हे सोलापूरजवळ नान्नजला पाहिलं आहे. १९७९ मध्ये तिथलं माळढोक अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. नकाशावर गावंच्या गावं अभयारण्यात गेली. अखेर ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. आज देशभरात माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत, बहुतेक राजस्थानात.

माधवमध्ये घडलं ते वेगळं. १० मार्च २०२३ रोजी इथे पुन्हा वाघ सोडले गेले, त्यांना पिल्लं झाली आणि मार्च २०२५ मध्ये हे देशातलं ५८ वं व्याघ्र राखीव क्षेत्र ठरलं. गाभा सुमारे ३७५ चौरस किलोमीटर, भोवतालचं बफर १,२७६. त्याच महिन्यात वस्तीच्या बाजूच्या १३ किलोमीटर लांब दगडी भिंतीचं उद्घाटन झालं. शहराला इतक्या लागून असलेल्या जंगलात वाघ ठेवायचा तर अशी भिंत लागते, हे मला पटतं. पण भिंत गाभ्याची एक बाजू राखेल. बफरमधली गावं, शेतं आणि गुरं भिंतीने सांभाळता येत नाहीत, आणि करेऱ्यात सगळं बिघडलं ते अशाच शेतांत.

इथला जुना रहिवासी म्हणजे सहरिया आदिवासी. तेंदूपत्ता, मोह, डिंक यांवर जगणारा, खाणीत राबणारा. शेजारच्या कुनोमध्ये सिंहांसाठी म्हणून २४ गावं उठवली गेली, त्यांत बहुतेक घरं सहरियांचीच होती. सिंह आजवर आले नाहीत, २०२२ मध्ये चित्ते आले. या माणसाला रानाची प्रत्येक वाट ठाऊक आहे. बफरमध्ये वाटाड्या, पहारेकरी, गवताच्या कुरणाचा राखणदार या कामांवर पहिला हक्क त्याचा असावा. वाघाने गाय मारली तर पंचनामा त्याच आठवड्यात व्हावा, पीक गेलं तर भरपाई पुढच्या पेरणीआधी हातात पडावी. फाटकावर जमणाऱ्या शुल्काचा ठरलेला वाटा त्या गावांकडे जावा आणि तो किती जमला, कुठे खर्च झाला, हे ग्रामसभेत वाचून दाखवलं जावं. आणि शिवपुरीच्या, लष्करच्या शाळांतल्या मुलांसाठी तिकिटाविना काही दिवस राखून ठेवावेत. सख्यासागरच्या काठावर उभं राहून आपल्याच शहराचा नाला कुठे येऊन मिळतो, तेही त्यांना तिथेच दाखवावं.