निमजचे नामदेव जाधव

तुमच्या गावात एखादे पेन्शनवाले फौजी बाबा असतीलच. पारावर बसतात, कमी बोलतात. ‘बाबा, कुठल्या पलटणीत होता?’ असं कधी विचारलंत का?

संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव १९२१ सालचे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत साधे शिपाई. कंपनीचे निरोप पोहोचवणं हे त्यांचं काम. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदी ओलांडताना जर्मन मशीनगनी बरसल्या. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी, बाकीचे ठार. धड राहिले एकटे नामदेव. त्यांनी एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांतून पलीकडे नेलं. मग परत फिरून दुसऱ्याला आणलं.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. एकट्याने तीन मशीनगन ठाणी मोडली. हाताला गोळी लागली तेव्हा बंदूक टाकून बॉम्ब हाती घेतले. शेवटी बांधावर उभे राहून ‘शिवाजी महाराज की जय’ अशी आरोळी दिली आणि मागच्या जवानांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे ते हवालदार झाले. १९८४ साली वारले.

पदक मिळालं म्हणून हे कागदावर आलं. बिनपदकाच्या फौजींचं काय? सरपंच, ग्रामसेवकहो, गावातल्या प्रत्येक माजी सैनिकाचं नाव, पलटण, नोकरीची वर्षं ग्रामपंचायतीच्या दफ्तरी लिहून ठेवा. बाबा बोलतात तोवरच हे काम होईल.