नागरिकशास्त्र पुस्तकातले आणि गावातले

२०२०-२१ या शालेय वर्षी डोंबिवलीत पाचवीत असलेला विद्यार्थी २०२५-२६ मध्ये दहावीत पोहोचला. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या १ नोव्हेंबर २०१५ रोजी निवडलेल्या सभासदांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, आणि पुढील मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. मधली पाच वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. याच काळात ह्या मुलाने सहावीच्या पुस्तकातून पाठ केले की, महानगरपालिकेचे सभासद नागरिक दर पाच वर्षांनी निवडून देतात. उत्तर बरोबर ठरले, गुणही मिळाले. परंतु जे पुस्तकात आहे ते गावात का नाही, हा प्रश्न किती वर्गांत निघाला असेल?

वस्तुतः या एका प्रश्नात नागरिकशास्त्राचे सारे प्रकरण सामावलेले आहे. मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक झाली पाहिजे, असा दंडक १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने घातला. असे असता आधी महामारी आडवी आली. मग प्रभागरचना व इतर मागासवर्गीयांचे आरक्षण यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात चालला. आयोग, विधिमंडळ, न्यायालय आणि नागरिक यांचे परस्परसंबंध शिकविण्यास याहून जवळचा दाखला कोठे मिळणार?

दोष शिक्षकांचा नव्हे, रचनेचा आहे. या पिढीने स्थानिक शासनाचा पाठ सहावीत, म्हणजे अकरा-बाराव्या वर्षी वाचला. नववीत २०१७ सालच्या पुस्तकाने तिला परराष्ट्रधोरणाकडे नेले. आणि दहावीत राज्यशास्त्र इतिहासाच्या पदरास बांधून चाळीस गुणांत आटोपले. संयुक्त राष्ट्रांची अंगे सांगणाऱ्या मुलास आपल्या गल्लीतील गटार कोणाच्या अखत्यारीत येते, हे सांगता येत नाही. २३ मे २०२४ रोजी येथील औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्याचा स्फोट होऊन माणसे दगावली. अशा कारखान्यांवर देखरेख कोणाची, हे तरी किती विद्यार्थ्यांस ठाऊक आहे?

आमच्या व्यापारी वाचकांस हे निराळे सांगावयास नको. मुलास पेढीवर बसविल्यावाचून, खतावणी त्याच्या हाती दिल्यावाचून धंदा येत नाही. मग नागरिकत्व तेवढे घोकून येईल, ही आशा कशाच्या जोरावर? महानगरपालिकेचा अर्थसंकल्प ही गावाची वहीच होय. नववीच्या वर्गात तिची चार पाने वाचावीत. घरपट्टीचा पैसा कोठे जातो, हे मुलांनी स्वतः हुडकावे. निबंधाच्या तासाला एखादा खरा तक्रारअर्ज लिहावा, आणि उत्तर येते की नाही याची नोंद ठेवावी. सर्वसाधारण सभेचे कामकाज वर्षातून एकदा तरी मुलांस दाखवावे.

यावर कोणी म्हणतील, शाळेत राजकारण नको. आम्हीही पक्षाचा प्रचार शाळेच्या दारात येऊ देऊ नये याच मताचे आहो. परंतु पक्ष निराळा आणि नगर निराळे. नळाला पाणी का नाही असे विचारणे ज्यांस राजकारण वाटते, त्यांनी मुलांस गप्प बसण्याचेच शिक्षण द्यावयाचे ठरविले आहे, असे म्हणावे लागेल.

डोंबिवलीचा कर्ता पुरुष आणि कर्ती स्त्री पहाटेच्या गाडीने मुंबईस जातात व रात्री परततात; गाव त्यांना निजण्यापुरते उरते. दिवसभर गावात असतात ती मुले. दहावीनंतर दोन-तीन वर्षांतच त्यांच्या हाती मत येते. ते कोणास द्यावे, हे शाळेने सांगू नये. पण दिल्यानंतर हिशेब कसा मागावा, हे शाळेने शिकविलेच पाहिजे. शाळांचे चालक व पालक यांनी हे काम येत्या वर्षापासूनच हाती घ्यावे.