एक पत्ता, अनेक कोठारें

यवतमाळच्या मुख्य टपालकचेरीचा पिनक्रमांक ४४५००१, पुसदचा ४४५२०४ व वणीचा ४४५३०४ आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं योजिलेली ही पद्धति १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली. पहिले तीन आंकडे पत्राला योग्य विभागाकडे वळवितात व शेवटचे तीन वाटपाच्या कचेरीपर्यंत नेतात. तेथें मात्र आंकड्याचें काम संपतें. त्या एका क्रमांकाखालीं हजारों घरें असतात. पुढें नांवच लागतें.

संगणकांच्या जगांतहि हाच प्रश्न आहे. इस्पितळें व मोठ्या कचेऱ्या आपली माहिती पुष्कळदां एका सामायिक कोठारयंत्रांत ठेवतात व जाळ्यावरून मागवितात. या व्यवहाराचे 'आयस्कझी' नांवाचे नियम २००४ सालीं प्रसिद्ध झाले व २०१४ सालीं सुधारले गेले. कोठारयंत्राला जाळ्यावर एक पत्ता असतो आणि त्याचें नेहमींचें दार ३२६० क्रमांकाचें. परंतु त्या एकाच दारामागें हिशेबाचें एक व रुग्णनोंदींचें दुसरें, अशीं अनेक कोठारें असूं शकतात.

म्हणून प्रत्येक कोठाराला स्वतंत्र नांव दिलेलें असतें. त्याच्या आरंभीं बहुधा 'आयक्यूएन' हीं अक्षरें, नंतर वर्ष व महिना, मग संस्थेचें जाळ्यावरील नांव उलट्या क्रमानें, आणि शेवटीं स्थानिक खूण येते. वर्ष-महिना कशाला? संस्थेचें जाळ्यावरील नांव उद्यां दुसऱ्याच्या मालकीचें होऊं शकतें. तारखेमुळें जुन्या व नव्या मालकांनीं दिलेलीं नांवें एकमेकांत मिसळत नाहींत.

मागणारा संगणक आपल्या पहिल्याच निरोपांत स्वतःचें व हव्या असलेल्या कोठाराचें नांव सांगतो. नांव गाळलें किंवा तें सांपडलें नाहीं, तर प्रवेश नाकारला जातो. नांवें ठाऊक नसतील, तर आधीं केवळ चौकशीसाठीं जाऊन यादी मागतां येते. एका कोठाराला दोन पत्ते असले तरी नांव एकच राहतें. म्हणून एका वाटेनें अडलें तर दुसरीनें जातां येतें. कोठाराच्या आंतील कप्प्यांना पुन्हां वेगळे क्रमांक असतात.

ही काटेकोर व्यवस्था केवळ सोयीसाठीं नव्हे. दोन संगणक चुकून एकाच कप्प्यांत लिहूं लागले, तर प्रत्येकजण दुसऱ्याची नोंद रिकामी जागा समजून पुसून टाकतो. शिवाय नांव कोणीहि उच्चारूं शकतो. यास्तव कोणत्या संगणकाला कोणतें कोठार उघडावें हें ठरवून ठेवतात, आणि गुप्त शब्दाच्या आधारें ओळख पटवितात. तो शब्द जाळ्यावरून न धाडतां त्यावरून काढलेलें उत्तर तेवढें पाठवितात.

गांवचा टपालवाला चेहरे ओळखतो, म्हणून अपुऱ्या पत्त्याचें पत्रहि कधीं कधीं पोहोंचतें. यंत्राला चेहरे ओळखतां येत नाहींत. त्याच्याशीं व्यवहार करावयाचा, तर पत्त्याइतकेंच नांवहि निःसंदिग्ध असलें पाहिजे.