घरातला स्कॅनर नुसता खरखरतोय?

मंडळी, टोर्नेडोच्या मोसमात वीज आणि इंटरनेट गेलं की बॅटरीवरचा स्कॅनरच कामाला येतो. गेल्या वादळात आम्ही तो घेऊन बेसमेंटमध्ये बसलो, तर नुसती खरखर! वाटलं, बिघडला. पण चूक आमच्या मांडणीची होती. तेव्हा नवा घेण्याआधी एवढं करून बघा.

'नोआ'चं हवामान केंद्र २४ तास बोलत असतं. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधल्या सात फ्रिक्वेन्सींपैकी आपल्या भागातली लावा. स्क्वेल्चचं बटण फार घट्ट असेल तर क्षीण आवाज दाबला जातो. ते सैल करा.

मग जागा. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. जमिनीखाली फारशा पोचत नाहीत. वरच्या मजल्यावरची खिडकी उत्तम. अँटेना उभीच ठेवा, लांबी साधारण १८ इंच.

तरीही खरखर? स्कॅनर बॅटरीवर घ्या आणि चार्जर, एलईडी दिवे, कॉम्प्युटर एकेक करून बंद करा. आमच्याकडे चोर निघाला फोनचा चार्जर!

पोलिसांची बोलणी मात्र बऱ्याच ठिकाणी डिजिटल किंवा सांकेतिक झाली आहेत. तिथे साध्या स्कॅनरची अँटेना बदलून उपयोग नाही.

आता आम्ही अँटेना वर खिडकीत लावून कोअ‍ॅक्स केबल बेसमेंटपर्यंत आणली आहे. वादळात बसायचं तिथेच ऐकू यायला हवं ना! तुम्हीही आजच खाली जाऊन ऐकून बघा. आणि शेजारी एकटे राहणारे आजी-आजोबा असतील, तर त्यांचाही स्कॅनर तपासून द्या.